कराचीची खरी रात्र आणि टीव्हीवरची रात्र

जुनी_टेप

मंडळी, हा धागा काढू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहूनच टाकतो.

८ मे २०२५ ची रात्र. आदल्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालेलं. जेवणं आटोपून मी आणि बाबा टीव्हीसमोर बसलो होतो. बाबा नौदलातून निवृत्त, वय पंचाहत्तर. एका वाहिनीवर सायरन वाजतोय, दुसरीवर निवेदक उभ्याउभ्या ओरडतोय, आणि तिसरीवर भल्यामोठ्या अक्षरांत: कराची बंदर उद्ध्वस्त, आपल्या नौदलाचा हल्ला. पाठीमागे आगीचे लोळ. विक्रांत या विमानवाहू नौकेचं नाव तर सगळ्यांच्याच तोंडी.

मी सरसावून बसलो. बाबा पाच मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "हे खरं असतं तर नौदलाने सांगितलं असतं. आवाज बंद कर."

सकाळपर्यंत कळलं की असा काही हल्ला झालेलाच नाही. एका वाहिनीने दिलगिरी व्यक्त केली, बाकीच्या काही झालंच नाही अशा पुढच्या बातमीकडे गेल्या. १० मे रोजी सरकारला सूचना काढावी लागली की कार्यक्रमांत नागरी संरक्षणाचे सायरन वाजवू नका, लोकांना खऱ्या सायरनची सवय होऊन बसेल.

मला राग आला तो नुसता खोट्या बातमीचा नाही. कराचीची एक खरी रात्र आहे, आणि ती आपल्या किती जणांना धड माहीत आहे? ४ डिसेंबर १९७१. निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौका. सोव्हिएत बनावटीच्या, मुळात स्वतःचा किनारा राखण्यासाठी बांधलेल्या. पल्ला इतका कमी की स्वतःच्या जोरावर कराचीपर्यंत जाऊन परत येणं अवघड. म्हणून मोठ्या जहाजांनी त्यांना काही अंतर ओढत न्यायचं, मग त्यांनी अंधारात पुढे सुटायचं. त्या रात्री पाकिस्तानची खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज ही सुरुंगशोधक नौका बुडाली. ८ डिसेंबरच्या रात्री विनाश ही नौका, सोबत त्रिशूल आणि तलवार, परत तिथेच. कराची बंदरातल्या केमारीच्या तेलटाक्या पेटल्या. आणि तेव्हाची विक्रांत कुठे होती? पूर्वेला, बंगालच्या उपसागरात. तिची विमानं चितगाव, कॉक्स बझारवर जात होती. ४ डिसेंबरला नौदल दिन पाळतात तो ह्याच मोहिमेसाठी.

ह्यात कुठे मीठमसाला घालायची गरज आहे? एक नौका दुसरीला दोराने ओढत शत्रूच्या बंदराकडे नेते आहे, एवढं एक दृश्य नीट दाखवलं तरी अंगावर काटा येईल.

बाबा त्या मोहिमेत नव्हते, मुंबईला गोदीत होते. त्यांनी ती बातमी ऐकली आकाशवाणीवर, खिडकीच्या काचांना काळा कागद लावलेल्या खोलीत. मुंबईत तेव्हा टीव्ही नव्हताच, मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. रेडिओवर सांगितलं तेवढंच त्यांना कळलं, पण जे कळलं ते खरं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. टीव्हीवर इतिहास, राजकारण आणि सैन्य ह्या विषयांवर तीन वेगळ्या गोष्टी दाखवतात: घडतंय ते, घडून गेलेलं आणि कल्पनेने रचलेलं. ह्या तिन्ही आता एकाच रंगात, एकाच पार्श्वसंगीतात येतात. पडद्याच्या कोपऱ्यात ठळक आणि सतत दिसेल अशी पट्टी हवी: प्रत्यक्ष चित्रण, जुनं चित्रण (तारखेसह), पुनर्निर्मिती, संगणकावर बनवलेलं. मालिकेच्या आधी दोन सेकंद बारीक अक्षरांत सरकणारा 'काल्पनिक स्वातंत्र्य घेतले आहे' हा मजकूर नको. तो कुणीही वाचू शकत नाही. मी एकदा थांबवून वाचायला गेलो, तर तिसऱ्या ओळीवरच तो नाहीसा झाला.

तुमचं काय मत? आणि हे नीट केलेले कार्यक्रम तुम्हाला कोणते आठवतात?

---

नदीकाठ

पट्टीच्या मुद्द्याला अनुमोदन.

नीट केलेल्यांत माझ्या लेखी 'भारत एक खोज' पहिला. श्याम बेनेगल, १९८८, ५३ भाग, रविवारी सकाळी. आमच्या चाळीत एकाच घरी टीव्ही होता, आणि ऋग्वेदातलं नासदीय सूक्त सुरू झालं की पोरं आपोआप गप्प व्हायची. अर्थ काही कळायचा नाही.

मोठेपणी पुन्हा पाहिली तेव्हा त्यातली एक गोष्ट लक्षात आली, ती तुमच्या पट्टीशी जुळते. रोशन सेठ नेहरू म्हणून मध्येमध्ये येतात, चालताचालता बोलतात, शंका काढतात. म्हणजे मालिका तुम्हाला सतत सांगत राहते की हा एका माणसाने, एका ठिकाणी बसून लावलेला अर्थ आहे. ते ठिकाण म्हणजे आपला नगरचा किल्ला. १९४२ च्या अटकेनंतर तिथल्या कोठडीत नेहरूंनी १९४४ साली लिहिलेलं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया', त्यावरच ही मालिका बेतलेली. मग नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराज होतात, ओम पुरी औरंगजेब होतात, आणि तेच ओम पुरी निवेदनही करतात. एकच नट दोन-तीन रूपांत दिसला की पाहणाऱ्याला आपोआप कळतं, हे सादरीकरण आहे. वेगळी पट्टी लावावीच लागली नाही.

आजच्या मालिकांत प्रत्येक प्रसंग 'हे असंच घडलं' अशा थाटात येतो. मला खटकतं ते तिथे.

---

पाऊलवाट

+१. नगरचा किल्ला पाहून आलोय, लष्कराच्या ताब्यात आहे. ती खोली बघताना मालिकाच आठवत होती.

---

एक_फौजी

जुनी_टेप, बाबांना माझा नमस्कार सांगा. मी सॅपर्सचा (लष्कराच्या अभियंता दलाचा), खडकीचा.

सैन्यावरच्या कार्यक्रमांबद्दल मला एक सांगायचंय, ते बरेच दिवस मनात आहे. टीव्हीवर फौज म्हणजे नेहमी धावा, घोषणा, रायफल आणि झेंडा. एखादा रस्ता बांधतोय, तार ओढतोय, रसद पोहोचवतोय, खेचर सांभाळतोय असा जवान तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?

१९८८ च्या सुमारास दूरदर्शनवर चेतन आनंद यांची 'परमवीर चक्र' मालिका लागायची. मेजर सोमनाथ शर्मांच्या भूमिकेत फारूख शेख, अब्दुल हमीद यांच्या भूमिकेत नसीरुद्दीन शाह. आजच्या मानाने तांत्रिक बाजू साधीच होती. पण माणूस दिसायचा.

आमच्या कोअरचे राम राघोबा राणे. मूळचे कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट. ८ ते ११ एप्रिल १९४८, नौशेरा ते राजौरी रस्ता. शत्रूने रस्त्यात सुरुंग पेरलेले, झाडं पाडून अडथळे केलेले, वरून मॉर्टर आणि मशीनगनचा मारा. पहिल्याच दिवशी तुकडीतले जवान पडले, राणे स्वतः जखमी. तरी रणगाड्यांना वाट मोकळी करून देत पुढे. एका टप्प्यावर ते रणगाड्याखाली शिरून त्याच्याबरोबर सरपटत पुढे गेले. हातातले दोर वर चालकापर्यंत गेलेले. एक ओढला की थांब, दुसरा ओढला की चल. परमवीर चक्र स्वतः जिवंतपणी स्वीकारणारे ते पहिले.

आता ह्यात घोषणा कुठे आहे सांगा. सुरुंग काढताना तोंडातून शब्द निघत नाही. आम्हाला शिकवलं तसं सांगतो: पोटावर झोपायचं, बाह्या वर दुमडायच्या, आधी नुसत्या बोटांनी गवत चाचपून तार आहे का बघायचं. मग प्रॉडर (सुरुंग चाचपायची टोकदार सळई) तिरपा धरायचा, साधारण ३० अंशात, आणि हलकेच आत घालायचा. सरळ उभा खुपसलात तर टोक सुरुंगाच्या डोक्यावर बसेल, तिरप्याने त्याच्या कुशीला लागतं. काही लागलं नाही तर दोन बोटं बाजूला सरकायचं आणि परत तेच. साफ झालेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी फीत. एक मीटर पुढे जायला किती वेळ लागतो हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. घाम डोळ्यात जातो आणि पुसता येत नाही.

हे जसंच्या तसं, संगीत न लावता, पाच मिनिटं दाखवा. लोक श्वास रोखून बघतील ह्याची मला खात्री आहे. पण चर्चेत बसलेल्यांना फक्त नकाशावरचे लाल बाण हवे असतात.

---

सातारकरीण

मी शाळेत इतिहास शिकवते, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडते. जुनी_टेप, तुमचा मुद्दा बातम्यांपुरता शंभर टक्के मान्य. मालिकांना मात्र एकाच काठीने हाकू नका.

'स्वराज्यरक्षक संभाजी' चालू होती तेव्हा (२०१७ ते २०२०) माझ्या वर्गात जे झालं ते त्याआधीच्या पंधरा वर्षांत झालं नव्हतं. मुलं स्वतःहून विचारायची. मालिका संपल्यावर तर एका मुलीने विचारलं, "बाई, महाराज गेले, मग पुढे राज्य कसं टिकलं?" पाठ्यपुस्तकात तो भाग काही ओळींत उरकलेला असतो. मी तिला राजाराम महाराज रायगडावरून निसटून थेट तमिळ मुलखात जिंजीला कसे पोहोचले ते सांगितलं. जिंजीचा वेढा कितीतरी वर्षं चालला, किल्ला पडला तो १६९८ मध्ये, आणि त्याआधीच महाराज तिथूनही निसटले होते. वर्ग सुटायची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. ही ओढ मालिकेने लावली, मी नाही. हे मान्य करायला हवं.

दुसरी बाजूही आहे. उत्तरपत्रिकेत मालिकेतले संवाद येतात, अवतरण चिन्हांसकट. 'महाराज म्हणाले' असं लिहून पुढे पटकथाकाराचं वाक्य. मुलांचा दोष नाही, त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी 'पाहिलेलं' असतं.

त्यावर मी एक करते. शिवाजी महाराजांचा आग्र्याचा प्रसंग घेते. मालिकांत दरबार, अपमान, करारी संवाद, मग मिठाईचे पेटारे, असं सगळं एका दमात येतं. मी मुलांना सांगते की १२ मे १६६६ च्या त्या दरबाराबद्दल आपल्याकडे त्याच दिवसांतली पत्रं आहेत. आंबेरच्या (पुढच्या जयपूरच्या) कछवाहा राजांच्या चाकरीतला परकालदास आग्र्याहून कल्याणदासाला राजस्थानीत पत्रं लिहायचा. तो काही आपला माणूस नव्हे, मराठ्यांची बढाई मारायचं त्याला कारण नाही. तरी महाराजांचा संताप आणि त्यांचं तेज त्या पत्रांत उतरलं आहे. मग सभासदाची बखर. ती कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली, म्हणजे घटनेला तीसेक वर्षं होऊन गेल्यावर. आणि तिसरी मालिका. फळ्यावर तीन रकाने आखायचे: पत्रात काय, बखरीत काय, मालिकेत काय. सातवीतली मुलं हे उत्तम करतात. तिसऱ्या रकान्यातल्या गोष्टी आवडू नयेत असं मी कधी म्हणत नाही, त्या कुठून आल्या एवढं कळायला हवं.

म्हणून पट्टीपेक्षा मला वाटतं, भाग संपल्यावर दोन मिनिटं कुणी अभ्यासकाने येऊन सांगावं की आजच्या भागातलं कागदोपत्री काय आणि रचलेलं काय.

---

जुनी_टेप

सातारकरीण ताई, तीन रकाने फार आवडले. मालिकांना मी जरा जास्तच झोडपलं, हे कबूल. दोन मिनिटांची कल्पना पट्टीपेक्षा सरस आहे.

एक_फौजी, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. "घाम डोळ्यात जातो" इथे त्यांनी मान हलवली. इंजिनरूममध्येही तसंच असतं म्हणाले.

---

रात्रपाळी

नेहमी वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही. मी व्हिडिओ संकलक आहे. बरीच वर्षं वृत्तवाहिन्यांत काढली, आता बाहेर आहे. कुठल्या वाहिन्या ते सांगत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच आहे.

अशा रात्री आत काय होतं ते सांगतो. रनडाऊनमध्ये (बातम्यांच्या क्रमयादीत) पॅकेज (जोडून तयार केलेली बातमी) लागलेलं असतं आणि हातात असतात दहा-बारा मिनिटं. व्हीओ (निवेदनाचा आवाज) येतो पन्नास सेकंदांचा, बाइट (कुणाच्या तरी बोलण्याचा तुकडा) एक, आणि प्रत्यक्ष घटनेचं चित्रण शून्य. सीमेवरून ते मिळणारच नसतं. पन्नास सेकंद काळा पडदा तर ठेवता येत नाही. मग संग्रहात 'मिसाईल', 'स्फोट', 'रात्र' असं टाकून शोधायचं. जे सापडेल ते सरावाचं असेल, दुसऱ्या देशातल्या युद्धाचं असेल. कधीकधी मोबाईलवर फिरत आलेलं असतं, आणि ते चक्क व्हिडिओ गेममधलं निघतं. चित्र जितकं हललेलं आणि धूसर, तितकं ते खरं वाटतं.

'संग्रहित' ही पट्टी आम्ही लावतो, हो. ती असते खाली डावीकडे. वर ग्राफिक्सचा साचा चढतो: ब्रेकिंगचा पट्टा, टिकर (खाली सरकणारी बातम्यांची ओळ), दोन खिडक्या, लोगो. आमची पट्टी त्याच्याखाली दबून जाते. पीसीआरमध्ये (प्रक्षेपणाच्या नियंत्रण कक्षात) कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि आलं तरी त्या वेळी साचा बदलायला कोणी थांबत नाही.

माझ्या हातूनही झालंय. एकदा एका जवानाच्या अंत्ययात्रेच्या बातमीत मी चुकून दुसऱ्याच गावच्या, दुसऱ्याच जवानाच्या अंत्ययात्रेचे चार सेकंद जोडले. पट्टी होती, दबली होती. दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या घरून फोन आला. पलीकडे कुणी चिडलं नाही. एवढंच विचारलं, "आमचा मुलगा परत का दाखवताय?" मी तो फोन अजून विसरलेलो नाही.

नियम नाहीत असं नाही. २६/११ च्या वेळी जे थेट दाखवलं गेलं त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात फार कडक शब्दांत लिहिलं. पलीकडून फोनवर सूचना देणारे आपलाच टीव्ही बघत होते. त्यानंतर २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत भर पडली: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, कारवाई संपेपर्यंत नेमलेला अधिकारी अधूनमधून देईल तेवढीच माहिती. ह्याने निदान जवानांच्या हालचाली पडद्यावर येणं बरंच थांबलं. पण 'जुनं चित्रण नवं म्हणून दाखवू नका' हे पाळलं जातंय का, हे त्या क्षणी बघणारं खुर्चीवर कुणी नसतं.

म्हणून जुनी_टेप, तुमची पट्टी सर्वांत वर हवी, वर उजवीकडे, जिथे साचा चढत नाही. जागा ठरवणं हेच खरं काम आहे.

---

एक_फौजी

रात्रपाळी, हे लिहायला धीर लागतो. त्या घरी परत कधी बोलणं झालं का?

---

रात्रपाळी

मी पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही, आणि ते यावं अशी अपेक्षाही नव्हती.

---

आबोली

राजकारणाकडे कुणी वळलंच नाही म्हणून लिहिते. २०१४ मध्ये राज्यसभा टीव्हीवर 'संविधान' आली होती, पुन्हा बेनेगलच, फक्त दहा भाग. बाबासाहेबांच्या भूमिकेत सचिन खेडेकर. ९ डिसेंबर १९४६ च्या पहिल्या बैठकीपासून घटना समितीत काय काय वाद झाले ते त्यात आहे. माणसं उभी राहतात, बोलतात, समोरचा पूर्ण ऐकून घेतो आणि मग खोडून काढतो. घटना समितीतलं शब्दन् शब्द नोंदलेलं होतं, त्यामुळे मालिकेला भक्कम आधार होता. घरी मुलाबरोबर पाहिली. तो तेव्हा आठवीत होता. त्याने विचारलं, "हे एकमेकांना मध्येच का तोडत नाहीत?" रोज रात्री आठ खिडक्यांतली आठ तोंडं एकाच वेळी बोलताना बघून मोठं झालेलं पोर ते.

वृत्तवाहिनीलाही हे जमतं. २०१३ मध्ये शेखर कपूर निवेदक असलेली 'प्रधानमंत्री' एका वृत्तवाहिनीनेच केली होती. जुनागढ, हैदराबाद, संस्थानांचं विलीनीकरण. काही पुनर्निर्मित प्रसंग नाटकी होते, पण माझ्या सासूबाई हैदराबादच्या भागानंतर रझाकारांच्या काळातल्या आठवणी पहिल्यांदा बोलल्या. त्या मराठवाड्यातल्या. चाळीस वर्षांत घरात कुणाला माहीत नव्हतं की त्यांचं कुटुंब रातोरात बैलगाडीतून सोलापूरकडे आलं होतं.

आणि फाळणीवरची 'तमस' मालिका विसरू नका. १९८८ मध्ये ती थांबवावी म्हणून प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी आधी स्वतः मालिका पाहिली, मग निर्णय दिला. न पाहता बंदी मागणाऱ्या सगळ्यांना मला हे सांगावंसं वाटतं.

---

नदीकाठ

आबोली, सासूबाईंचं लिहून ठेवा. आजच.

---

खाडीपलीकडे

माझी मागणी विषयांची. आमच्या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. मराठा लाइट इन्फंट्री, इटली, १० जुलै १९४४, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. येणारेजाणारे हार घालतात, पण रायगड जिल्ह्यातला पोरगा टायबर नदीच्या खोऱ्यात कशासाठी लढत होता, हे पडद्यावर कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. तसंच फेब्रुवारी १९४६ चं नाविकांचं बंड. मुंबईत नौदलाच्या 'तलवार' ह्या किनाऱ्यावरच्या केंद्रावर सुरू झालं आणि बघता बघता सुमारे २०,००० नाविक उठले, गिरणी कामगार रस्त्यावर आले. आणि संयुक्त महाराष्ट्र. हुतात्मा चौकातून रोज लाखो लोक जातात. ह्या तिन्हींवर मराठीत दहा-दहा भागांची मालिका का होऊ नये? १७ व्या शतकावर आपलं प्रेम आहे आणि असावंच, पण विसावं शतक आपण अगदीच वाऱ्यावर सोडलंय. ते पाहिलेली माणसं अजून थोडी उरलीत.

---

सातारकरीण

खाडीपलीकडे, शेवटचं वाक्य काळजाला लागलं. जुनी_टेप, तुमच्या बाबांचं बोलणं रेकॉर्ड केलंय का तुम्ही?

---

जुनी_टेप

नाही ताई. आणि हे लिहिताना लाज वाटतेय.

काल रात्री विषय काढला. म्हटलं, कराचीबद्दल बोलाल का कॅमेऱ्यासमोर? ते म्हणाले, "कराचीबद्दल मी काय सांगणार, मी गेलोच नव्हतो. खुकरीबद्दल सांगेन." ९ डिसेंबर १९७१, दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीच्या माऱ्यात आपली युद्धनौका खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. बाबांच्या प्रशिक्षणाच्या तुकडीतला एक दोस्त त्या जहाजावर होता. दोघांच्या पेट्या शेजारीशेजारी असायच्या. त्या दोस्ताचं नाव मी आजवर एकदाही ऐकलं नव्हतं, पंचेचाळीस वर्षांचा झालो.

रविवारी बसतोय आम्ही. एक_फौजी, काय विचारू ते सुचवा. रात्रपाळी, मोबाईलवरच करणार आहे, काही सूचना असतील तर द्या.

---

एक_फौजी

मोठे प्रश्न विचारू नका. जेवायला काय मिळायचं, झोपायची जागा केवढी होती, पहिला पगार कुणाला पाठवला, हे विचारा. दोस्ताबद्दल तुम्ही विचारू नका, ते आपणहून येतील तिथे. आले की मध्ये बोलू नका.

---

रात्रपाळी

मोबाईल आडवा धरा, स्टँड नसेल तर डब्यांच्या चळतीवर टेकवा, हातात नको. त्यांची पाठ खिडकीकडे नको, तोंड खिडकीकडे हवं. पंखा आणि फ्रिज बंद. आणि सुरुवातीलाच त्यांना स्वतःच्या तोंडाने आजची तारीख, गावाचं नाव आणि ते तेव्हा कुठल्या कामावर होते ते सांगायला लावा. उद्या ही फीत कुणाच्याही हाती गेली तरी ते बोलणं तिच्यातच राहील. मूळ फाईलच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी.

---

जुनी_टेप

लिहून घेतलं. रविवारी सकाळी नऊला, चहा झाल्यावर. बाबांनी इस्त्रीला शर्ट दिलाय.